रविवारी ये

छप्पन्न वर्षांच्या मुकुंदाला मतिमंद प्रौढांच्या संस्थेत आठ दिवस ठेवून पाहायचं ठरलं, तेव्हा अनसूयाबाईंनी अधीक्षिकेला बजावलं, "त्याची समज सहा वर्षांच्या पोराची आहे. भात मी कालवून दिल्याशिवाय जेवत नाही." बाई ब्याऐंशीच्या होत्या, आपल्यामागे मुलाचं कोण करणार, म्हणून हा घाट घातला होता.

मिरजेच्या घरी त्या आठही दिवस फोनजवळ बसून होत्या. फोन आला नाही.

नवव्या दिवशी त्या मुलाला न्यायला गेल्या, तेव्हा दुपारची पंगत बसली होती. मुकुंदा शेजारच्या हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला भात कालवून भरवत होता.

"चल, घरी जाऊ," त्या म्हणाल्या.

"यांचं जेवण व्हायचंय," तो मान वर न करता म्हणाला. "तू जा, आई. रविवारी ये."

अधीक्षिकेने पुढे केलेल्या कायमच्या प्रवेशाच्या अर्जावर त्यांनी सही केली. एसटीत त्यांना त्याचा थोडा रागच आला.

घरी दिवा लावून त्या देवापुढे बसल्या. 'आधी याला ने, मग मला,' हे रोजचं मागणं त्या दिवशी त्यांनी मागितलं नाही.