भाषेचे दोन गुण

तानुबाई सकाळपासून अकरा वेळा मेली होती आणि आता तिला चहा हवा होता.

"एवढ्या एका पोरीचं होऊ द्या, मग पाजते," शकुन मॅडम म्हणाल्या.

अमरावतीच्या त्या फार्मसी कॉलेजात मॅडमनी तोंडी परीक्षेसाठी एका वर्गात खोटं मेडिकल थाटलं होतं. काउंटर खरा, मागच्या फळ्यांवरची खोकी रिकामी. गिऱ्हाईक म्हणून चौकात फुलं विकणारी तानुबाई आणलेली. डोकं दुखतं, मळमळतं, घाम येतो, एवढं तिनं आपणहून दाखवायचं. बाकीचं विचारलं तरच सांगायचं. पोरांनी भलतीच गोळी दिली, की बाकावर आडवं होऊन मरायचं. पहिल्यांदा ती लाजली होती. पण मरणाचीही गोडी लागते बघा. शेवटच्या दोन खेपांना तर तिनं पायसुद्धा झाडले.

बाराव्या खेपेला आली ती चांदूर बाजारची महेजबीन. पुस्तक तोंडपाठ, पण परीक्षक समोर बसले की तोंडातून वऱ्हाडी 'मले-तुले' निघेल आणि लोक हसतील या धास्तीनं तिची दातखीळ बसायची. अशानंच ती दोनदा तोंडी परीक्षेत नापास झाली होती. आता तिसऱ्यांदा आपटली तर कॉलेज बंद, असं घरून स्वच्छ सांगितलेलं.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक कोपऱ्यात लाल पेन उघडून बसले होते. त्यांची मराठी अशी, की धुऊन वाळत घातलेली.

"सुरू करा."

तानुबाई कपाळ धरून काउंटरशी आली. "बाई, डोकं लय दुखून राह्यलं वं. मळमळते. एखांदी गोळी दे."

महेजबीननं घोकलेलं वाक्य काढलं. "आपण सध्या एखादे औषध घेत आहात का?"

"नाही बा."

अकरा जणांनी हेच विचारलं होतं, हेच ऐकलं होतं आणि डोकेदुखीची गोळी देऊन तानुबाईला बाकावर पोचवलं होतं. महेजबीनचाही हात त्याच खोक्याकडे गेला.

तानुबाई पदरानं गळ्याचा घाम पुसत होती. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी पुसत होती. महेजबीननं हात मागे घेतला आणि गिऱ्हाइकाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दिवस कपाशीच्या फवारणीचे होते. त्या साली गावोगाव पाठीवर पंप घेतलेली माणसं चक्कर येऊन पडत होती, आणि पडलेली सगळीच उठत नव्हती. आपण या बाईला पुस्तकातला प्रश्न विचारला, हे तिला उमगलं. बाईनं उत्तर खरं दिलं होतं. चूक प्रश्नाची होती.

"मावशी, आज तुमी औषध मारलं का?"

कोपऱ्यात पेन करकरलं. "औषध मारत नाहीत, घेतात," परीक्षक म्हणाले. "भाषेचे दोन गुण गेले."

दाराशी उभं असलेलं कोणीतरी फिसकन हसलं. महेजबीनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण समोर तानुबाईचा चेहरा उजळला होता. सकाळपासून ज्या प्रश्नाची ती वाट पाहत होती तो अखेर आला होता.

"मारलं नं!" ती म्हणाली. "कपाशीवर. सकाळपासून पाठीवर पंप होता."

पेन थांबलं. महेजबीन मात्र आता थांबणार नव्हती.

"तोंडाले फडकं बांधलं होतं?"

"नाही."

"अंगावर सांडलं?"

"पाठ भिजली सारी."

"तवा लुगडं हेच होतं? डोळ्यानं बराबर दिसते?"

"हेच. अंधुक अंधुक दिसून राह्यलं."

"मंग मी गोळी देत नाही."

"काहून वं? एवढ्या मोठ्या मेडिकलमंदी एक गोळी नाही?"

"गोळीनं डोकं थांबन, जहर नाही थांबत." महेजबीननं हातमोजे चढवले, काउंटरला वळसा घालून ती बाहेर आली आणि तानुबाईचा दंड धरला. "मांगं नळ हाय. हे लुगडं काढा, साबणानं अंग धुवा, मी दुसरं देतो. एकशेआठची गाडी बोलावतो. औषधाचा डबा घरून कोणाले आणाले सांगा, डॉक्टरले दाखवा लागन. अन् गाडी येईपर्यंत मी तुमाले सोडत नाही."

तानुबाई गोंधळली. इथवर कोणी आलंच नव्हतं. पुढचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं मान वळवून विचारलं, "मॅडम, आता मी का करू? मरू?"

"नाही," शकुन मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "आता चहा प्यायचा."

परीक्षक गुणपत्रिकेवर वाकले. 'दिलेले औषध' या रकान्यापाशी पेन अडलं.

"इथं काय लिहू?"

"काही नाही सर," महेजबीन म्हणाली. "दिलंच नाही."

रकाना त्यांनी कोराच सोडला. मग त्यांनी कापलेले दोन गुण पुन्हा मांडले, खाली पास लिहिलं आणि सही केली. महेजबीनच्या छातीतून एवढा मोठा सुस्कारा निघाला की तिचं तिलाच हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्याच जिभेचा अभिमान वाटला.

परीक्षकांनी खिशातून छोटी वही काढली. "उद्या मला अकोल्याच्या कॉलेजात परीक्षा घ्यायची आहे. तो प्रश्न पुन्हा सांगा. लिहून घेतो."

महेजबीन त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि सावकाश सांगू लागली. परीक्षक लिहू लागले. पहिल्याच ओळीवर तिनं वहीवर बोट ठेवलं.

"'तुम्ही' नाही सर. 'तुमी' लिहा."