मोज्यातला हात

बाळ सकाळपासून स्वतःच्याच मुठीकडे टक लावून बघत होतं. खुळखुळ्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. "असतं असं," सासूबाई म्हणाल्या, "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" तरी मी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाळाचा हातमोजा काढून माझ्याकडे दिला. तपासून हसल्या. "काही झालं नाहीये गं. हा हात आपलाच आहे, हे त्याला आत्ता कुठे उमगायला लागलंय." मी मोजा बोटांवर चढवून पाहिला. सगळे म्हणतात, हनुवटी तुझीच. मी पाजते, न्हाऊ घालते, पण वाटतं, कुणीतरी सांभाळायला ठेवलंय, संध्याकाळी न्यायला येतील. "कळायला किती दिवस लागतात?" मी विचारलं. "लागेल महिनाभर. बाळं हुशार असतात." "बाळाचं नाही विचारत. हे माझं आहे, हे मला कळायला?" पुढच्या पेशंटसाठी घंटीकडे गेलेला बाईंचा हात थांबला. त्यांनी दार लावून घेतलं.