पटुका

गावात इंटरनेट पोचवणारा अँटेना तपासायला लालबीर वर्षभराने डोंगरावर चढला. याकसारख्या केसाळ चौंरी गाई राखणाऱ्या म्हाताऱ्या धनमायेचा कमरेला बांधायचा कापडी पटुका अँटेनाच्या खांबावर गुंडाळलेला होता.

"आमा, हे काय देऊळ आहे चिंध्या बांधायला?" तो जवळच उभ्या म्हातारीवर खेकसला. बॅटरी वाहून आणणारे गावकरी खो खो हसले.

वर चढून त्याने तो तुपाने माखलेला पटुका सोडला. आत वायरीचा जोड उघडाच होता, पण कोरडा ठणठणीत. पाणी शिरू नये म्हणून त्यावर रबरी पट्टी गुंडाळायला गेल्या वर्षी तोच विसरला होता.

"काय निघालं रे?" खालून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," म्हातारीच बोलली. "माझी चिंधी. बाबूचं काम पक्कं आहे."

लालबीरने मान डोलावली. पटुका तिला परत देताना मात्र ती मान वर होईना.