बाबांचं बोट

"मी तरी काय करू, ताई? बटण खालीच जात नाही," म्हणत दवाखान्यातल्या कारकुनाने कीबोर्ड मंजिरीपुढे सरकवला.

सरकारी नोंदीत तिचे वडील गेल्या महिन्यातच वारले होते, आणि नोंदीशी न जुळणारं काही या कीबोर्डवर टाइप करायला गेलं, की बटणाखालची मोटर बोटाला वर रेटायची. नोंद दुरुस्त व्हायला आठवडा लागणार होता. बाबा समोरच्या बाकावर छाती धरून धापा टाकत होते.

मंजिरीने 'दाखल'चं बटण नख पांढरं पडेस्तोवर दाबलं. ते हललं असतं तरच नवल, कारण ते तिनेच बनवलं होतं. मोटरला जोर किती द्यावा हे ठरेना, तेव्हा तिने बाबांनाच चाचणीला बसवलं होतं. चाळीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवलेलं बोट ते! त्याने बटण दबलं की ती जोर वाढवायची. शेवटी बाबा हरले, तेव्हा दोघं पोट धरून हसली होती.

"सरक बघू," म्हणत बाबा उठून आले आणि त्यांनी तेच बोट बटणावर टेकवलं. मंजिरीला त्यांना नको म्हणवेना.