दुसरी ओळ

शीळ आली तेव्हा दुर्गाताईंची बोटं अजून पियानोच्या पट्ट्यांवरच होती.

पहिली ओळ त्यांनी वाजवली होती. दुसरी समोरून आली, खोताच्या वाडीतल्या त्या अरुंद गल्लीपलीकडून, हिरवी जाळी लावलेल्या गॅलरीतून. मध्येच एक कोरडा खोकला, मग पुढची शीळ. खोकला रोज तिथेच यायचा, त्याच सुरापाशी. जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या बाईच्या हे लक्षात येणारच. वय झालं, दम तिथेच संपत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सोफ्यावर त्यांचा भाचा पुष्कर चहात खारी बुडवत होता. त्याचा हात तसाच राहिला आणि अर्धी खारी कपात पडली.

"आत्या, हे काय होतं?"

"म्हणजे तुलाही ऐकू आलं. बरं झालं."

"अगं, कोणीतरी तुझा पोपट करतंय!"

"पुष्कर, भाषा."

"बरं. समोरचं एखादं कार्टं तुझी मस्करी करतंय. रोज ऐकून ऐकून पाठ झालं असेल त्याला."

"मी पहिलीच ओळ वाजवते," दुर्गाताई म्हणाल्या. "दुसरी मी कधीच वाजवत नाही."

"मग येते कुणाला?"

पियानोच्या पोटात दमटपणा धरू नये म्हणून एक छोटा बल्ब ठेवलेला होता, तो लावायला दुर्गाताई वाकल्या.

पियानो मुळात त्या समोरच्याच घरातला. तिथे वॉल्टर राहायचा. कॉलेजात असताना दुर्गा त्याच्याकडे शिकायला जायची, आणि शिकता शिकता दोघांनी एक चाल रचली होती. ती ना कुठल्या सिनेमातली होती, ना चर्चमधली. पहिली ओळ ती वाजवायची. दुसरी तो खिडकीत उभा राहून शिळेवर घ्यायचा आणि मग म्हणायचा, "दुर्गा, आता तू." ते शब्द कानावर पडल्याशिवाय तिसरी ओळ धरायची नाही, हा त्यांचा खेळाचा नियम.

पुढे दोन्ही घरांत कळलं. दुर्गाचं तिकडे जाणं बंद झालं. वॉल्टर मस्कतला गेला. तिथेच लग्न करून राहिला, असं लोक म्हणाले. त्याच्या आईने पियानो विकायला काढला, तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या दुर्गाने तो घेतला. हमालांनी तो गल्लीतून आडवातिडवा करत अलीकडे आणला, आणि तिचे वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. लग्नाचं मग राहूनच गेलं.

समोरचं घर कित्येक वर्षं बंद होतं. यंदा गणपतीनंतर तिथे दिवा दिसला. काही दिवसांनी, दुर्गाताई सहज वाजवत बसल्या असताना, शीळ आली. त्या दिवशी त्यांना पियानोचं झाकण बंद करायचंही सुचलं नव्हतं.

शीळ उजेड असेपर्यंतच यायची. एकदा दिवेलागणीनंतर त्यांनी मुद्दाम वाजवून पाहिलं, पण समोरून काहीच आलं नाही. लवकर झोपत असेल. आणि दुसऱ्या ओळीनंतरचे ते शब्द, ते काही गल्ली ओलांडून येत नव्हते. दुर्गाताई थोडा वेळ थांबायच्या आणि झाकण लावायच्या.

"शनिवारी माणसं येतायत विकलेला पियानो न्यायला," पुष्कर म्हणाला. "आता परत नाही म्हणू नकोस. नेरूळच्या आमच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही, आणि तू दिवाळीआधी राहायला येते म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग? इथे एकटी पडून राहणार? काही झालं तर आहे कोण इथे?"

दुर्गाताईंनी हिरव्या जाळीकडे पाहिलं. "असेल कदाचित."

"कोण?"

"उद्या सांगते. मग ठरव माणसं बोलवायची की नाही."

इतके दिवस त्या समोर गेल्या नव्हत्या. दार वॉल्टरच्या बायकोने उघडलं तर काय बोलायचं, ते सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निळी इंदुरी साडी नेसली. हात रिकामे नकोत म्हणून डब्यात नारळाच्या वड्या घेतल्या. गल्ली ओलांडली. लाकडी जिना चढताना गुडघा कुरकुरला, पण त्या मध्ये थांबल्या नाहीत.

दार एका तरुण मुलीने उघडलं.

"वॉल्टर आहे? मी समोरची. दुर्गा."

"अंकल?" मुलीचा चेहरा बदलला. "अंकल गेले, आंटी. मार्चमध्ये, वसईला. मी त्यांची भाची."

"वसईला? मस्कतला ना?"

"तिथून तर ते कधीच परत आले. माझ्या जन्माच्याही आधी. वसईला एकटेच असायचे. लग्न वगैरे काही नाही केलं. त्यांचं सगळं आता इथे आणलंय आम्ही."

दुर्गाताईंनी दाराची चौकट धरली. काल संध्याकाळीच तर त्यांनी ऐकलं होतं. पुष्करनेही ऐकलं होतं. दोघांचे कान एकदम खोटं कसं बोलतील?

तिथेच उंबऱ्यात उभं राहून त्यांनी पहिली ओळ गुणगुणली. सूर बरोबर होते.

आतून दुसरी ओळ आली.

"अय्या, तुम्हाला कशी येते ही?" मुलगी हसली. "हे तर अंकल रोज—"

दुर्गाताई तिला ओलांडून आत गेल्या. खोल्या त्यांना पाठ होत्या. पियानोच्या जागी आता फ्रिज होता. शीळ चालूच होती. त्या गॅलरीच्या दाराशी पोचल्या तेव्हा खोकला आला, नेहमीच्याच सुरापाशी.

जाळीच्या आत पिंजरा टांगलेला होता. पिंजऱ्यात लाल शेपटीचा एक करडा पोपट होता.

त्याने ओळ पुरी केली. मान तिरकी करून दुर्गाताईंकडे पाहिलं. आणि वॉल्टरच्या, थकलेल्या पण लगेच ओळखू येणाऱ्या आवाजात तो म्हणाला,

"दुर्गा, आता तू."