लिनेटचा जबाब

“मला उगाच वेडा ठरवलंत तुम्ही सगळ्यांनी,” बाबा म्हणाले. कोर्टातून ते थेट लिनेटच्या घरी आले होते आणि अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले होते.

“वेडा कुठं म्हणालं कुणी? मन ठिकाणावर नव्हतं, एवढंच.”

“चांगलं ठिकाणावर होतं! तो डॉक्टर विचारतो, पंतप्रधान कोण. म्हटलं, सकाळपासून बदलला नसेल तर सांगतो.”

लिनेटला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. तिनं किटली लावली.

खरं तर यात हसण्यासारखं काही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तिच्या बाबांनी, क्लिफर्ड हॉल्डन यांनी, तिच्या आजारी आईला, एडनाला, ढीगभर गोळ्या भरवल्या आणि सकाळी स्वतःच पोलिसांना फोन केला. एडनाचे हाल बघवेनात, म्हणाले. तीच रोज मरण मागायची, म्हणाले. त्यावर शंका घ्यायला एडना उरली नव्हती. इंग्लंडात खुनाला जन्मठेपेशिवाय दुसरी शिक्षा नाही, मग तो दयेपोटी का केलेला असेना. सुटायला एकच फट होती. माणसाचं मन आजारी होतं आणि त्यापायी सारासार विचार करायची ताकदच उरली नव्हती, हे पटलं, तर गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा होतो. वकीलबाईंनी ती फट लिनेटला दाखवली, आणि लिनेटनं दोन्ही हातांनी बापाला तिच्यातून ओढून काढलं.

बाबा जेवत नव्हते, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. रात्र रात्र रडत बसायचे, असंही. प्रत्यक्षात आई गेली त्याच्या आदल्याच रविवारी त्यांनी भाजलेलं मटण दोनदा वाढून घेतलं होतं, आणि त्यांना रडताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण ऐंशी उलटलेल्या माणसाला तुरुंगात मरू द्यायचं? डॉक्टरांना पटलं. सरकारी वकिलांनीही फार ताणलं नाही. त्यांच्याही घरी म्हातारे आईबाप असतील. आज निकाल सांगताना न्यायाधीशांचा आवाज जड झाला होता. शिक्षा झाली, पण स्थगित. मुलीकडे राहायच्या अटीवर बाबा मोकळे झाले.

“तुझ्यावर राग नाही हं माझा,” बाबा म्हणाले. “पण पोरी, त्या रात्री माझं डोकं जितकं साफ होतं ना, तितकं आयुष्यात कधी नव्हतं. आजही तसंच आहे.”

“बरं, बाबा. आता तो विषय नको.”

कप काढायला तिनं वरच्या फळीकडे हात नेला आणि कमरेतून जीवघेणी कळ निघाली. ओट्याची कड घट्ट धरून ती वाकून उभी राहिली. अशी कळ तिला हल्ली वरचेवर यायची, आणि थोड्या वेळानं आपली आपण जायची.

मान वळवली तेव्हा बाबा तिच्याकडेच बघत होते. किती मायेनं! लहानपणी ती तापानं फणफणली की उशाशी बसून ते असेच बघायचे. आणि तरीही लिनेटला भीती वाटली. आपल्याच घरात, आपल्याच बापाची.

“फार दुखतं का गं?”

“छे! अजिबात नाही.” ती घाईघाईनं ताठ झाली. “काहीसुद्धा दुखत नाही मला. खरंच.”

बाबा उठले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दंडाला धरून तिला हलकेच खुर्चीत बसवलं.

“तुझी आईपण अगदी असंच म्हणायची,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत.”