लेफ्ट फील्डवरच्या चपला

"पोरी, चार वाजता खिडकी बंद होते," मारोतराव तिसऱ्यांदा म्हणाले. मोठ्या कॉलेजात प्रवेशाचा आज शेवटचा दिवस, आणि त्यांची गोपिका वाटेत लागलेल्या भलत्याच कॉलेजच्या मैदानाकडे पाहत उभी होती.

मैदान कसलं, इमारतीमागचा मोकळा तुकडा. एका कडेला प्राध्यापकांच्या सायकली, दुसरीकडे बाभळी. कॉलेजच्या मुली शेजारच्या शाळेच्या मुलींशी सॉफ्टबॉलचा सराव सामना खेळत होत्या. शाळेच्या नऊ, कॉलेजच्या आठच. लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, कुणी नव्हतं. चेंडू तिकडे गेला की मधली मुलगी जीव खाऊन धावायची.

"सकाळी पाह्यलं ते मोठं कॉलेज काय वाईट होतं?" कामठीहून येताना मारोतरावांनी त्या कॉलेजचं नाव अर्ध्या बसला ऐकवलं होतं. "केवढं मैदान! ब्लेझर भेटते म्हणे."

"भेटते ना. बाकावर बसली होती त्या पोरीलेही भेटला हाये. दोन वर्षांत एक मॅच नाही खेळली ते. मीच विचारलं तिले."

"तू तिच्यापेक्षा चांगली खेळतं."

"तेही तिच्या शाळेत सगळ्यात चांगली होती, बाबा. मले ब्लेझर नाही पाहिजे. मले खेळाचं हाये."

मारोतरावांनी रागानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात चेंडू उंच उडाला, थेट रिकाम्या जागेकडे. गोपिकेनं चपला काढल्या आणि ती धावत सुटली. चेंडू उघड्या तळव्यावर फटकन बसला आणि खाली पडला. तिनं तो उचलून दुसऱ्या बेसवर असा फेकला, की धावणारी मुलगी अर्ध्यातून मागे पळाली. ही कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. केमिस्ट्री शिकवून संघही सांभाळणाऱ्या कुसुमताई कडेवरून ओरडल्या, "तिथंच थांब वं!"

डाव बदलला. ग्लोव्हज सगळे मिळून आठच, म्हणून दोन्ही संघ तेच वापरायचे. प्रत्येक मुलगी आपला ग्लोव्ह आपल्या जागेवर ठेवून बॅटिंगला यायची, समोरच्या संघातली येऊन तो घालायची. आठ जागी आठ ग्लोव्हज पडले. गोपिकेनं लाल झालेला तळवा फ्रॉकला पुसला. मग ती बापाजवळ आली, आपल्या चपला उचलून परत गेली आणि लेफ्ट फील्डवर त्या नीट जोडून ठेवल्या.

"काहून ठेवल्या गं तिथं?" मारोतराव ओरडले.

ती बॅटिंगच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. शाळेची मुलगी लेफ्ट फील्डला आली, चपला पाहिल्या आणि त्यांना वळसा घालून उभी राहिली.

"कोणत्या कॉलेजची हो तुमची मुलगी?" कुसुमताईंनी जवळ येऊन विचारलं.

मारोतरावांनी त्या चपलांकडे पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमची खिडकी किती वाजता बंद होते?"